मानाची भिंत

डॉक्टरने विचारलं, घरात ओल आहे का, आणि महेंद्र म्हणाला, नाही. इतकंच झालं. गोंदियाच्या त्या दवाखान्यात पंखा फिरत होता, बाहेर बाकड्यावर लोक खोकत बसले होते, डॉक्टरने मायच्या छातीचा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावलेला होता, आणि महेंद्रच्या तोंडून 'नाही' असं निघून गेलं, जसं कुणी अंगावर हात उगारला की मान आपोआप खाली जाते तसं. डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. त्याने पुन्हा विचारलं, "भिंतीवर काळे-हिरवे डाग? कुबट वास? बुरशी?" "नाही डॉक्टरसाहेब. सरकारी क्वार्टर आहे. पक्कं." आणि स्टुलावर दोन्ही हातांनी गुडघे धरून बसलेली त्याची माय, जिजाबाई, जिला एक वाक्य पुरं बोलायला मधे दोनदा थांबावं लागत होतं, ती म्हणाली, "कोरडं हाय... घर माया पोराचं. लय... साजरं हाय." डॉक्टरने मान हलवली. "मग आजी, चूल फुंकली का?" "हौ. जिंदगीभर." झालं. डॉक्टरच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याची निवांत कळा आली. म्हणाला, ओल असती तर मी सगळ्यात आधी यांना त्या घरातून हलवायला सांगितलं असतं. बुरशीची बारीक भुकटी असते, दिसत नाही, प्रत्येक श्वासाबरोबर आत जाते. फुफ्फुसाला आतून सूज येते. माणूस तिथंच झोपत राहिला तर कोणतंही औषध चालत नाही, आणि एक दिवस फुफ्फुस वाळलेल्या चामड्यासारखं ताठ होऊन बसतं, मग ते मागे फिरत नाही. पण तुमच्याकडे तो प्रश्न नाही. हे चुलीचं जुनं नुकसान. पंप देतो, गोळ्या देतो. थंडीपासून जपा, धुळीपासून जपा, खिडक्या बंद ठेवा, यांना खोलीतच राहू द्या.

खोलीतच राहू द्या. बालाघाटच्या गाडीत खिडकीशी मायला बसवून महेंद्र समोर बसला, एक्स-रेचं पिवळं पाकीट मांडीवर धरून, आणि ते तीन शब्द त्याच्या डोक्यात डब्याच्या ठोक्याबरोबर वाजत राहिले. पोळा होऊन गेला होता. बाहेर धानाची बांधी गच्च हिरवी, मधेमधे पाणी आभाळासारखं पांढरं. मायच्या छातीतून बारीक शिटी येत होती, लांब कुठेतरी किटलीला वाफ धरते आहे तशी. गाडी थांबली की ती ऐकू यायची, सुटली की बुडायची. महेंद्र गाडी सुटायची वाट पाहायचा. आपण खोटं बोललो, हे त्याला कळत होतं. पण त्याहून वेगळं, लाज वाटावी असं काहीतरी त्याला कळत होतं. डॉक्टरने चुलीचं नाव घेतलं तेव्हा त्याला हलकं वाटलं होतं. चूल. म्हणजे खैरलांजीकडचं ते गाव, ते मातीचं घर, तो धूर, ती गरिबी, जे त्याने मागे टाकलं होतं. मायला त्या सगळ्यानेच खाल्लं. जुन्या दिवसांनी खाल्लं, आजच्या दिवसांनी नाही. बापाच्या घराने खाल्लं, माझ्या घराने नाही. समोरच्या बाकावरच्या बाईने शिटी ऐकून पदर नाकाला लावला. महेंद्रला वाटलं उठून तिला सांगावं, संसर्गाचं नाही हे, चुलीचं आहे. आणि मग त्याला आतून असा राग आला की त्याने पाकीट दुमडलं. फिल्म कडकन वाजली. माय म्हणाली, "मोडशीन न बापा." फिल्मवरची तिचीच छाती मोडते आहे असं कदाचित तिला वाटलं. तिने हात पुढे करून पाकीट सरळ केलं.

ते क्वार्टर त्याला मिळालं तेव्हा त्याचा बाप खेमराज जिवंत होता. बापाने येऊन भिंतीला हात लावून पाहिला होता. गावातली माणसं बैलाच्या पाठीवरून हात फिरवतात तसा त्याने स्लॅबच्या घराच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता कोनी बाहेर हो नाई म्हनत." बस, तेवढंच. मग खाली बसून बिडी पेटवली. महेंद्रला ते वाक्य विसरता येत नाही. सरकारी कॉलनी, दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आत, पुढे मोटारसायकलीपुरती टिनाची शेड. सगळ्या कॉलनीत त्यांच्या वस्तीतला तो पहिला. शेजारी देशपांडे, पलीकडे ठाकूर, समोरच्या मोठ्या क्वार्टरमध्ये शरदचंद्र, कॉलनीच्या मेंटेनन्सचे उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनीअर. पहिल्याच पावसाळ्यात आतल्या खोलीच्या भिंतीवर खालून ओल चढली. पलीकडे बाथरूम होतं आणि भिंतीतून टाकीचा नळ गेलेला होता. महेंद्रने अर्ज दिला, साधा अर्ज. शरदचंद्र स्वतः आले, चांगले बोलले, चहा मात्र नको म्हणाले, नुकताच झाला. बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली आणि हसत हसत म्हणाले, "आधी इथं आमचे जोशी होते, बारा वर्षं. त्यांना कधी ओल दिसली नाही. तुम्ही कपडे घरात वाळवता का? पाणी जास्त वापरता? असं आहे महेंद्रजी, घर मिळालं म्हणजे झालं नाही, पक्कं घर वापरायची सवयही लागते. हळूहळू होते सवय." महेंद्रही हसला होता. 'हो सर' म्हणाला होता. दारापर्यंत सोडायला गेला होता. नंतर बाथरूममध्ये जाऊन त्याने नळ सोडला आणि वाहत्या पाण्याखाली हात धरून उभा राहिला. हातांना काही लागलेलं नव्हतं.

त्यानंतर त्याने अर्ज केला नाही. एकदाही नाही. भिंत काळी पडली की तो खरवडायचा, पुट्टी भरायचा आणि तेलाचा रंग मारायचा. तेलाचा, कारण रंगाच्या दुकानात सांगितलं होतं, तेलाच्या रंगातून काहीच बाहेर येत नाही. चौदा एप्रिलच्या आधी त्यांच्या वस्तीत सगळीच घरं रंगतात. महेंद्रही रंगवायचा, पण मजूर लावायचा नाही, स्वतः ब्रश घ्यायचा. बाकी भिंती बदामी, ती एक निळी. त्या निळ्यावर मधोमध बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि बाप गेल्यावर त्यांच्या खाली खेमराजचा. घरात आलेल्या माणसाची नजर पहिल्यांदा तिथे जावी, अशी ती भिंत होती. दर वर्षी नवा थर चढायचा, चकचकीत, ट्यूबलाइट त्यात पडून लांबट दिसायची. जेठ महिना संपेपर्यंत ती भिंत कॉलनीत सगळ्यात सुंदर असायची. मग पावसात तिला फोड यायचे, अंगावर देवीचे येतात तसे. महेंद्र चाकूच्या टोकाने ते फोडायचा. आतून चहाच्या रंगाचं पाणी गळायचं. पुसून घ्यायचा. वर पुन्हा रंग. खिडकी तो बंद ठेवायचा, कारण तिकडून धान मिलचा भुसा उडत यायचा आणि भिंतीवर बसायचा. आणि बाप गेल्यावर मायला गावातून आणलं तेव्हा तिची खाट कुठे टाकायची हा प्रश्नच नव्हता. मायला घरातली सगळ्यात मानाची जागा. बुद्धाच्या, बाबासाहेबांच्या, नवऱ्याच्या पायाशी. तिचं डोकं त्या भिंतीला लागून. असं कोणत्या पोराने मायसाठी केलं असेल? गावची माणसं यायची आणि म्हणायची, जिजाबाई, नशीब काढलं तुवं. ती म्हणायची, हौ. सकाळी उठली की तिच्या उशीला एक वास असायचा. बालाघाटात तो वास कुणाला सांगावा लागत नाही. पावसात भिजलेलं धान पोत्यात राहून गेलं की पोत्याच्या पोटात हात घातल्यावर जो गरम, आंबूस वास येतो, तो. नूतन, त्याची बायको, उशी रोज उन्हात टाकायची. महेंद्र म्हणायचा, मायच्या डोक्याच्या तेलाचा आहे.

गाडी नदीच्या पुलावर आली. पाणी गढूळ, काठोकाठ. माय नेहमी नदीला हात जोडायची, आज जोडले नाहीत. तेवढा हात वर उचलणंही तिला आता महाग होतं. आणि महेंद्रला, नको असताना, गेल्या सालचा वर्षावास आठवला. गावच्या विहारात पावसाळाभर रोज सांजचं ग्रंथवाचन चालतं, आणि माय हट्ट धरून महिनाभर तिकडे गेली होती. राहिली भाच्याकडे, चैतरामकडे. चैतरामचं घर मातीचं, वर कवेलूंचं छप्पर, कवेलूतून उजेडाच्या रेघा खाली येतात आणि वारा इकडून तिकडे जातो. स्वयंपाक चुलीवर. माय त्या चुलीपासून हातभर अंतरावर झोपायची. महेंद्र तिला आणायला गेला तेव्हा ती विहारातून येत होती, इतर बायांबरोबर, बोलत. चालत आणि बोलत, दोन्ही एकदम. बालाघाटच्या डॉक्टरने आधी दिलेला दम्याचा पंप पिशवीच्या तळाशी होता, त्यावर बारीक लाल माती बसली होती. तो म्हणाला, "घेत नवती काय?" ती म्हणाली, "आठवनच नाई आली." चैतराम हसून म्हणाला, "आत्या अठी आली का बरी होते, दादा. तिकडं तू काय खाऊ घालतं तिले?" सगळे हसले. महेंद्रही हसला, आणि त्या हसण्याच्या आत त्याला सगळं लख्ख कळलं होतं. म्हणजे आज कळलं असं नव्हतं. तेव्हाच कळलं होतं. पण ते मान्य करायचं म्हणजे चैतरामच्या शेणाने सारवलेल्या भिंतीला माझी निळी भिंत हरली असं म्हणायचं. बापाने हात फिरवलेली भिंत खोटी, असं म्हणायचं. शरदचंद्र बरोबर होता असं म्हणायचं. म्हणून त्याने ठरवलं, मनाचं समाधान आहे. गावची हवा, आपली माणसं, विहार. मन रमलं की दम कमी लागतो. मायला घेऊन तो घरी आला आणि आठ दिवसांत शिटी परत वाजू लागली. वर्ष गेलं. तो वर्षभर रोज रात्री मायची मच्छरदाणी खोचून देत होता, चारही बाजूंनी, नीट, एक मच्छर आत जाऊ नये म्हणून.

घरी पोचले तेव्हा दुपार ढळत होती. ऑटोतून उतरून दारापर्यंत येताना माय दोनदा थांबली, दुसऱ्यांदा शरदचंद्रांच्या फाटकाला धरून. नूतनने तिला खाटेवर बसवलं, पाठीशी उशा लावल्या, पाणी दिलं, आणि मग बाहेर येऊन उभी राहिली. नूतन वारासिवनीची, तोंडाची फटकळ.

"काय म्हने डॉक्टर?"

"चुलीचं आहे. जुनं. खोली बंद ठेवा म्हणाला."

"भितीच्या वलीचं सांगतलं काय त्याले?"

"नाही विचारलं त्याने."

"विचारलं नाई? गोंदियाचा छातीचा डॉक्टर, सातशे रुपये घेते, अन् विचारलं नाई?"

आतून मायचा आवाज आला, तुटत तुटत. "विचारलं व त्यानं. मीच म्हनलं... कोरडं हाय. याले नको... बोलू."

नूतन नवऱ्याकडे पाहत राहिली. त्याने नजर वळवली नाही, पण जागा बदलली. ती म्हणाली, "मायलेकं दोघं बी लय इज्जतदार. बस एक श्वासच नाई तुमच्याकडं." आणि ती आत गेली. भांडी आपटली नाहीत, काही नाही. ते आपटणं झालं असतं तर बरं झालं असतं असं महेंद्रला वाटलं.

तो खोलीत आला. खिडकी नेहमीसारखी बंदच होती, आता डॉक्टरच्या हुकमाने. मायचं डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खालची खाच आत ओढली जात होती, तिथे कुणी आतून दोरी बांधून खेचत असल्यासारखी. या खोलीतली हवा ती ओढते आहे. हीच. ती आत घेते, घेते, घेते, आणि बाहेर सोडायला तिच्याकडे काही उरत नाही. महेंद्रने खाट धरून ओढली. फरशीवर पाय करकरले. माय घाबरून म्हणाली, "काय करून राह्यला?" तिच्या डोक्याच्या जागी, निळ्यावर, तेलकट गोल डाग पडलेला होता आणि त्याच्या कडेला एक मोठा फोड. त्याने चाकू नाही घेतला. नख घातलं. एप्रिलचा थर निघाला, त्याच्याबरोबर त्याच्या आधीचा, त्याच्या आधीचा. सगळी वर्षं एकमेकांना चिकटून एका कातड्यासारखी सोलून हातात आली, जाड, वाकणारी, आतल्या बाजूने ओली. खाली भिंत नव्हती. खाली काळं होतं. काळं आणि मऊ, मांजराच्या पाठीसारखं लव असलेलं, मधे मधे राखाडी, हिरवट, आणि त्यातून तो वास असा आला की नूतनने दारातच पदर नाकावर ओढला. तो सोलत राहिला. सोललं तेवढं काळं निघालं, खालपासून वरपर्यंत, फोटोंच्या मागे गेलेलं. माय म्हणत होती, "झाक ते. महेंद्र, झाक बापा. कोनी येईन." त्याने फोटो उतरवले. बुद्धाच्या मागच्या पुठ्ठ्यावर पांढरी जाळी. बाबासाहेबांच्या मागचा पुठ्ठा बोटाने दाबला तसा आत गेला. आणि खेमराजच्या फोटोत ते काचेच्या आत शिरलं होतं. कोटाच्या खांद्यावरून चढून हनुवटीपर्यंत आलं होतं, बारीक बारीक ठिपके, जणू म्हाताऱ्याने मेल्यावर दाढी ठेवली. महेंद्र त्या फोटोकडे पाहत राहिला. त्याला खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

खोकला थांबल्यावर त्याने शेडमध्ये येऊन चैतरामला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तो चैतरामकडे काही मागणार होता, आणि त्यासाठी त्याने शब्द जुळवले नाहीत.

"चैतराम, मायले तुया घरी आणतो. पावसाळाभर ठेव. नाही, किती दिवस ते माहीत नाही. इथं तिले श्वास नाही."

"आन न दादा, विचारतं काय? आत्याचंच घर हाय." त्याच्या मागे कुठेतरी पाणी शिंपल्याचा आवाज येत होता. "पन एक सांगू काय, घर पाडलं ना. मातीचं."

"कधी?"

"उन्हाळ्यात. योजनेत नाव निघालं. तूच तं म्हनलं होतं चौदा एप्रिलले, माइकवर, मातीतून बाहेर निघा, आपल्या मानसाच्या डोक्यावर स्लॅब पाहिजे. लोकं टाळ्या पिटत होते. म्या दुसऱ्याच दिवशी कवेलू उतरवले." तो हसला, अभिमानाने. "मस्त झालं दादा. स्लॅब टाकून झाला, भितीले सिमेटची छपाई झाली. वल्लं हाय अजून, भितीले हात लावला का हात वल्ला होते, रातच्याले वरून टपटप करते. पोरगी खोकलून राह्यली थोडी. पन वाळीन. तेलाचा रंग मारू म्हनतो, तुयासारका निळा. आन तू आत्याले."

महेंद्रने फोन बंद करून खिशात ठेवला. ते भाषण त्याला आठवत होतं, शब्दन् शब्द. प्रामाणिक भाषण होतं. एक शब्द खोटा नव्हता त्यात. माणसाला पक्कं घर पाहिजेच, का नको? ज्यांनी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर चिखलात ठेवलं त्यांनी आता मातीच्या घरांची गाणी गावीत आणि आम्ही ऐकावीत, असं तर नाही. पण ज्या ठेकेदाराने ही भिंत बांधली, ज्याने तिच्यातून नळ नेला, ज्याने ठोकून पाहून हसत हसत सवयीची गोष्ट सांगितली, त्यांच्यावर ओरडायच्या वेळी मी रंग मारत होतो. दर वर्षी. स्वतःच्या हाताने. दोन-दोन थर.

तो आत गेला आणि नूतनला म्हणाला, "धर एका बाजूने." तिने विचारलं नाही काय. दोघांनी मायला उठवून खुर्चीत बसवलं, खाट आडवी करून दारातून काढली, टिनाच्या शेडमध्ये मोटारसायकल सरकवून तिथे टाकली, आणि मायला हातांवर उचलून आणलं. ती इतकी हलकी होती की महेंद्रचा तोल गेला. त्याने जास्त वजनाची तयारी केली होती. बाहेर वारा होता, ओल्या गवताचा, डिझेलचा. कॉलनीतली पोरं सायकली थांबवून पाहू लागली. देशपांड्यांच्या गॅलरीत दोन चेहरे आले. शरदचंद्र फाटकाशी आले, बनियनवर, हातात वर्तमानपत्र.

"काय महेंद्रजी, आईंना हवा दाखवताय वाटतं?"

"भिंत दाखवतो, या ना. सोलली आहे."

शरदचंद्र आले नाहीत. जागेवरूनच मान हलवली. "आता पावसाळ्यात थोडंफार सगळ्यांकडेच असतं हो. या ब्लॉकचं बांधकामच तसं आहे, काय करणार."

"जोशींना ओल दिसली नव्हती म्हणे."

"अं?"

"तुमच्या आई कुठे असतात साहेब? जून लागला की दिसत नाहीत."

"तिला आम्ही नागपूरला पाठवतो, धाकट्याकडे. इथं तिला दम..." शरदचंद्रांनी वर्तमानपत्र दुसऱ्या हातात घेतलं. मग 'बघतो, माणूस पाठवतो कुणाला' असं काहीतरी म्हणून ते आत गेले आणि दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

महेंद्रला ओरडायचं होतं. घशात ते तयार होतं, वर्षानुवर्षांचं, आणि रस्त्यावर ऐकायला माणसंही जमली होती. पण त्याने श्वास घेतला तेव्हा छातीत बारीक काहीतरी वाजलं आणि तो थांबला, ते आपलं होतं का मायचं हे ऐकायला.

"मले आत ने," माय म्हणाली. "लोक... पाहून राह्यले."

"पाहू दे."

"तुले नाई पाहत. मले पाहते. म्हनतीन... पोरानं मायले... बाहेर टाकलं."

"म्हणू दे माय."

"खेमराजचं पोरगं..." ती म्हणाली आणि पुढचं तिला जमलं नाही. तिने पदर ओढून तोंडावर घेतला, पुरा, डोक्यापासून हनुवटीखालपर्यंत, जसा जुन्या काळी गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरावरून जाताना घ्यायची. महेंद्र खाटेच्या काठावर बसला. नूतन दारात उभी होती, आत जात नव्हती. पोरं अजून पाहत होती. मायने एक हात चाचपत पुढे केला, त्याचा शर्ट धरला आणि घराच्या बाजूला ओढू लागली, सगळ्या ताकदीने, म्हणजे कापड जेमतेम हललं. तो उठला नाही. पदराचं पातळ पांढरं कापड तिच्या तोंडात ओढलं जात होतं, खळगा पडत होता, आणि मग खूप वेळाने ते सैल होऊन वर येत होतं, आणि पुन्हा आत जात होतं.